सात दिवसांचा परोपकार

अमेरिकेच्या दक्षिणेत उन्हाळा जवळ आल्याची वर्दी चर्चमधली पोरं देतात. एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी ती बादल्या, स्पंज आणि साबण घेऊन चर्चच्या पार्किंगमध्ये उभी राहतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे, ती काल संध्याकाळीच धुतलेली असली तरी, 'काय ही अवस्था!' अशा नजरेने बघू लागतात. शेजारी पुठ्ठ्यावर रंगवलेलं असतं : होंडुरास मिशन. पुढच्या शनिवारी केकविक्री, त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये स्पॅगेटीचं जेवण. जून लागेपर्यंत गावातल्या सगळ्या गाड्या लखलखीत झालेल्या असतात आणि निम्म्या गावाची साखर वाढलेली असते. मग ही मंडळी विमानात बसून मध्य अमेरिकेतल्या एका गरीब देशात सात दिवस सेवा करायला जातात.

यात माझा संबंध आला तो सुतामुळे. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मी इचलकरंजीचा, मी सुतावरून नॉर्थ कॅरोलायनातलं गॅस्टोनिया गाठलं. हा एके काळी सूतगिरण्यांनी गजबजलेला भाग. आजही अमेरिकेच्या दक्षिणेत निघणारं बरंचसं सूत होंडुरासला जातं, तिथे चोलोमा नावाच्या शहरात त्याचे टी-शर्ट होतात आणि ते टी-शर्ट परत अमेरिकेत विकायला येतात. २००६ पासून लागू झालेल्या व्यापार कराराची मेख अशी, की सूत करारातल्याच देशाचं असेल तर कपड्याला जकात नाही. तेव्हा सूत का तुटतं, गाठी कुठून येतात, असल्या तक्रारी निस्तरायला मी अधूनमधून चोलोमाला जातो. म्हणजे सेवेकरी ज्या विमानात असतात त्याच विमानात मीही असतो. फरक इतकाच, की मला सेवेचा पगार मिळतो.

वर्गणी जमवण्याच्या कलेत मात्र या पोरांचा हात कुणी धरू नये. एका सकाळी दार उघडलं तर आमच्या हिरवळीवर गुलाबी प्लॅस्टिकचे पंचवीसेक फ्लेमिंगो तारेच्या पायांवर उभे. हिने आधी दार लावून घेतलं. म्हणाली, "कुणीतरी करणी केलीय. लिंबू कुठे पडलंय का बघा." लिंबू नव्हतं. एका पक्ष्याच्या गळ्यात चिठ्ठी होती : अभिनंदन, तुमच्या अंगणात थवा उतरला आहे! थवा उचलून न्यायचा असेल तर वीस डॉलर. तो पुढे कुणाच्या अंगणात उतरवायचा हे सुचवायचं असेल तर तीस. आणि पुन्हा कधीच येऊ नये असं वाटत असेल तर चाळीस डॉलरांचा विमा. खाली बायबलमधल्या एका वचनाचा क्रमांक आणि हसरा चेहरा. खंडणीचं इतकं लाघवी पत्र मी आजवर वाचलेलं नाही. आम्ही तीस भरून थवा कोपऱ्यावरच्या तेलुगू कुटुंबाकडे धाडला. ते गृहस्थ विमा कंपनीतच आहेत. त्यांनी तडक चाळीसवाला पर्याय घेतला.

थव्यामागोमाग पत्र येतं. आमच्या समोरच्या घरातल्या मुलाने स्वतः लिहिलेलं, त्याच्या आईने तपासलेलं. त्यात आधी होंडुरासची गरिबी, मग देवाने दिलेली हाक, मग 'आपण माझ्यासाठी प्रार्थना कराल का?' आणि शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता सुचल्यासारखा, दोन हजार डॉलरांचा खर्च. तळाशी तीन चौकोन : मी प्रार्थना करीन, मी आर्थिक मदत करीन, मी दोन्ही करीन. पहिल्या चौकोनात खूण करून पत्र परत पाठवण्याइतका निगरगट्ट माणूस त्या गावात अजून जन्मायचा आहे. हिने मात्र शेजारणीला सरळ विचारलं, "आम्ही कोल्हापूरच्या अंबाबाईला सांगितलं तर चालेल का?" शेजारीण समंजस. म्हणाली, प्रार्थना कुठलीही चालेल, चेक तेवढा चर्चच्या नावाने हवा.

मिशनरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच माणसं येतात. आमच्या भागात एखाद्याला 'मिरजेला हलवलं' असं कळलं की घर गप्प होतं. ती मिरज उभी केली विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी. १८८९ साली ते या मुलखात आले, १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उघडलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं इथेच शस्त्रक्रिया करत राहिले. त्यांच्या आधी १८१३ साली गॉर्डन हॉल मुंबईत उतरले. मराठी शिकले, बायबलच्या भाषांतराला लागले आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. फादर स्टीफन्स तर त्याहून जुने. १५७९ साली गोव्यात आले, चाळीस वर्षं राहिले आणि जाण्यापूर्वी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण रचून गेले. या लोकांच्या धर्मप्रसाराबद्दल कुणाचं काही मत असो, परतीचं तिकीट कुणी खिशात ठेवलं नव्हतं.

तिकिटाची सोय विसाव्या शतकात झाली. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला मुलगा दोन मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला धर्मपुस्तकं वाटायला गेला. १९६० साली लॉरेन कनिंगहॅमने तरुणांना थोड्या मुदतीसाठी परदेशी धाडणारी संस्थाच काढली. जेट विमानं आली, भाडी उतरली, आणि आयुष्यभराचं काम चाळीस वर्षांवरून दोन वर्षांवर, दोन वर्षांवरून उन्हाळ्याच्या सुट्टीवर आणि तिथून एका आठवड्यावर आलं. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५च्या पाहणीवरून बांधलेला अंदाज असा, की अमेरिकेतल्या चर्चचे सोळा लाख लोक दर वर्षी अशा छोट्या मुदतीच्या सफरीवर परदेशी जातात. स्टीफन्स एकटे होते हे बरं झालं. सोळा लाखांनी अकरा-अकरा हजार ओव्या रचल्या असत्या तर वाचणार कोण?

मायामीच्या विमानतळावर ही पलटण लांबूनच ओळखू येते. अठरा जण, अठरा पोपटी टी-शर्ट. छातीवर 'होंडुरास' आणि सालाचा आकडा, पाठीवर बायबलमधल्या यशयाच्या सहाव्या अध्यायातल्या आठव्या वचनाचा उल्लेख. प्रत्येकाकडे दोन बॅगा. एकीत स्वतःचे कपडे, पीनट बटर, हात निर्जंतुक करायच्या बाटल्या आणि पोटासाठी गुलाबी औषध. दुसरीत दान : खडू, फुगे, टूथब्रश आणि कुणीकुणी दिलेले जुने कपडे. विमानात माझ्यापुढे बसलेल्या मुलाच्या टी-शर्टचं लेबल मानेपाशी बाहेर आलं होतं. सवयीने वाचलं : होंडुरासची शिलाई. म्हणजे सूत अमेरिकेच्या दक्षिणेतलं, शिलाई चोलोमाची, छपाई पुन्हा अमेरिकेची, आणि आता सदरा सेवेसाठी माहेरी निघालेला. तो इथेच थांबत नाही. सेवेकरी निघताना टी-शर्ट तिथेच ठेवून येतात. ठेवले नाहीत तरी वर्ष-दोन वर्षांत ते जुन्या कपड्यांच्या पेटीत पडतात, गठ्ठ्यांतून होंडुरासला पोचतात आणि तिथल्या 'रोपा अमेरिकाना' लिहिलेल्या दुकानांत वजनावर नाहीतर नगावर विकले जातात. शिवणाऱ्या बाईला आपणच शिवलेला टी-शर्ट अमेरिकन माल म्हणून विकत मिळतो.

या सगळ्या सेवेची दुसरी बाजू मला कळली ती चोलोमाच्या कारखान्यातल्या क्वालिटी सुपरवायझर बाईंकडून. त्या आपल्या गल्लीतल्या छोट्या इव्हँजेलिकल चर्चच्या खजिनदार आहेत. मला 'इन्हेनिएरो' म्हणतात. तिकडे इंजिनियरला नावाने हाक मारत नाहीत. जून जवळ आला की बाईंचा रक्तदाब चढतो. आमच्या गावच्या अठरा पाहुण्यांसाठी अठरा गाद्या, पंखे, पाण्याचे जार, शिवाय पाश्चात्त्य पद्धतीचा नवा संडास. एकाला गव्हाचं चालत नाही, एकीला दुधाचं चालत नाही, एकाला शेंगदाण्याचा वाससुद्धा चालत नाही. त्यांचा तक्ता चर्चच्या भिंतीवर दहा आज्ञांच्या शेजारी. पहाटे चारला बायका चुली पेटवतात. मैद्याच्या पोळ्या थापायच्या, आत घोटलेला राजमा, साय आणि चुरलेलं चीज घालून घडी करायची. याला बालेआदा म्हणतात आणि तो मी रोज खाऊ शकतो. पाहुणे दोन दिवस खातात, तिसऱ्या दिवशी पीनट बटर बाहेर निघतं.

मी विचारलं, "बाई, यंदा काम काय काढलंय त्यांच्यासाठी?"

"मागची भिंत."

"ती तर मागच्या खेपेलाही पडलेलीच होती."

"जानेवारीतच बांधून झाली असती, इन्हेनिएरो. सिमेंटही आलं होतं. पण मग जूनमध्ये पाहुण्यांनी करायचं काय?"

शनिवारी पाहुणे उतरले, सोमवारी कामाला लागले. बुधवारी संध्याकाळी कारखाना सुटल्यावर बाई मला भिंत बघायला घेऊन गेल्या. वाळू-सिमेंटचा ढीग, मधे आळं, आळ्यात पाणी. माल कालवायची ही रीत इचलकरंजीत आणि होंडुरासमध्ये अगदी एकच आहे. एका उत्साही मुलाने फावडं नको तिथे मारलं, आळं फुटलं आणि सिमेंटचं पाणी अठरा जोडी नव्या बुटांकडे धावलं. मग सगळ्यांनी हसून एकमेकांचे फोटो काढले. रांग लावून घमेली या हातातून त्या हातात जात होती. शेवटच्या माणसापाशी पोचेपर्यंत प्रत्येक घमेल्यातला पाव माल वाटेत. गवंडी मात्र शांत. साठीचा माणूस, तोंडात काडी. दर थोड्या वेळाने ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा आणि मान डोलवायची. पाहुण्यांना वाटायचं वाहवा करतोय. सहा वाजता ती मंडळी रांगेने हात निर्जंतुक करून जेवायला आत गेली. गवंड्याने काडी फेकली, वरचे दोन थर अलगद उतरवले आणि पाऊण तासात पुन्हा रचले. सकाळी कुणाला पत्ता लागला नाही. मी त्याला विचारलं, तू आणि एक बिगारी मिळून ही भिंत किती दिवसांत उभी केली असती? म्हणाला, "दोन. पण या पोरांना वाईट वाटलं असतं."

आणखी एक गोष्ट त्या भिंतीपाशी उभं राहून लक्षात येते. त्या भागातले तरणेताठे गवंडी आणि सुतार आहेत कुठे? त्यातले कितीतरी आमच्या शेजारच्या शार्लट शहरात छपरं घालताहेत, मजले चढवताहेत. होंडुरासचे कसबी लोक नॉर्थ कॅरोलायना बांधतात आणि नॉर्थ कॅरोलायनाची शाळकरी पोरं होंडुरास.

भिंतीचं काम सकाळी, धर्माचं दुपारी. आता, होंडुरासमध्ये कॅथलिक आणि इव्हँजेलिकल मिळून बहुतेक सगळा देश आधीच ख्रिस्ती. बाईंच्या चर्चमध्ये आठवड्यातून चार संध्याकाळी दोन-दोन तास भजन-प्रार्थना चालते. आमचा समोरचा मुलगा रविवारी तासाभरासाठी जातो, तेही आईने तीनदा उठवल्यावर. तरी येशूची ओळख करून द्यायची ती त्याने त्यांना. भाषा येत नाही म्हणून मूकनाट्य असतं : काळ्या कपड्यातली वाईट माणसं एका मुलीला ओढताहेत, स्पीकरवर मोठ्याने संगीत, शेवटी पांढऱ्या कपड्यातला येशू धावत येतो. मुलं मन लावून बघतात, कारण मे महिन्यात आलेल्या तुकडीनेही हेच केलं होतं आणि कोण चांगलं पडलं याची तुलना करता येते. येशूला विंगेतून यायला उशीर झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोराने बोट दाखवून त्याला बोलावून घेतलं.

मग मण्यांचं ब्रेसलेट. काळा मणी पापाचा, लाल रक्ताचा, पांढरा धुऊन निघालेल्या मनाचा, हिरवा वाढीचा, पिवळा स्वर्गाचा. पोपटी टी-शर्टातली एक मुलगी सात-आठ वर्षांच्या पोरीला शेजारी बसवून हे ओवायला शिकवत होती. लालनंतर तिने हिरवा मणी उचलला. पोरीने हळूच तिचं मनगट धरलं, हिरवा काढून पांढरा पुढे केला. त्या पोरीच्या डाव्या हातात कोपरापर्यंत ब्रेसलेटं होती.

हा केवळ माझा चहाटळपणा नव्हे. १९९८च्या मिच वादळात होंडुरासची धूळधाण झाली, हजारो माणसं गेली. मग अमेरिकेतल्या चर्चच्या तुकड्या घरं बांधायला धावल्या. कर्ट व्हर बीक हे प्राध्यापक होंडुरासमध्येच राहणारे आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी नंतर हिशेब मांडला. परदेशी तुकडी येऊन एक घर बांधून जायची, त्याला विमानभाड्यासकट सरासरी तीस हजार डॉलर पडत. स्थानिक संस्था तसलंच घर दोन हजारांत उभं करत. एकाच्या पैशात पंधरा. घर मिळालेल्यांच्या आयुष्यात, ते कुणी बांधलं यावरून काही फरक पडलेला दिसेना. मेक्सिकोतली एक बातमी तर २००८ साली अमेरिकन वर्तमानपत्रात छापून आली : तिथलं एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा तुकड्यांनी सहा वेळा रंगवलं. मला त्या चर्चच्या पाद्र्याबद्दल आदर वाटतो. तिसऱ्या हातानंतरही 'अजून थोडी गरज आहे' असं तोंड करायला नटाचं कसब लागतं.

आपण हसावं अशी मात्र आपली परिस्थिती नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आपल्याकडे अजून जोरात आहे. आमच्या कॉलेजचं शिबिर गावात गेलं की शाळेच्या पटांगणात तंबू, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान. आम्ही शोषखड्डा खणायचो आणि दुपारी गावातली दोन पोरं येऊन तो सरळ करून जायची. संध्याकाळी हुंडाबंदीवर पथनाट्य. गावाने तेही गेल्या वर्षी बघितलेलं. घराघरांतून भाकरी गोळा व्हायची, आम्ही ओरपायचो. समारोपाला सरपंच म्हणायचे, पोरांनी गावाचा कायापालट केला. आणि टाळ्या वाजवताना बायका मनातल्या मनात पीठ किती उरलंय ते मोजत असायच्या.

तेव्हा मुद्दा चर्चचा नाही. मुद्दा असा, की शिकायला जाणाऱ्याला शिकवायला पाठवल्याचं सोंग आपण का करतो? १९६८ साली इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने मेक्सिकोला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं. बघायला या, डोंगर चढायला या, अभ्यासाला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका, असा त्याचा रोख. विद्यार्थ्यांनी त्याचं भाषण मन लावून ऐकलं असेल. सोळा लाखांचा आकडा त्याच्यानंतरचा आहे.

खरं तर बघणं आणि डोंगर चढणं सफरीत असतंच, फक्त त्याला शुक्रवार राखून ठेवलेला असतो. बाईंच्या पाहुण्यांनी त्या दिवशी योहोआ तलावाकाठी तळलेला मासा खाल्ला आणि पुलापांसाकच्या धबधब्यावरून तारेला लटकून आरडाओरडा केला. वेळापत्रकात त्याची नोंद 'चिंतन' अशी होती.

परत आल्यावर रविवारी चर्चमध्ये फोटो दाखवले. आम्हालाही बोलावणं होतं. एकेक जण माइकपाशी येऊन म्हणाला, आम्ही द्यायला गेलो होतो, पण आम्हालाच जास्त मिळालं. हिशेबाने बघता हे तंतोतंत खरं होतं. दुसरं वाक्य : त्यांच्याकडे काहीही नाही, तरी ते किती आनंदी! पडद्यावर तेव्हा बाई होत्या, तोंडभर हसत, हात हलवत. बाईंना मी ओळखतो. त्यांच्याकडे घराचा हप्ता आहे, कॉलेजातली मुलगी आहे, रक्तदाबाची गोळी आहे. आणि तो आनंद शनिवारचा आहे, पाहुण्यांची बस फाटकाबाहेर पडतानाचा.

पण एक गोष्ट नोंदवायला हवी. समोरचा मुलगा बदलला. पूर्वी जेवलेलं ताट जागचं हलवत नसे. आता धुऊन ठेवतो असं त्याची आई सांगते. ऑगस्टमध्ये त्यांच्या घराचं छप्पर बदलायला सहा होंडुरासी कारागीर आले तेव्हा हा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्यांची गावं विचारत शिडीखाली उभा होता. त्याने म्हणे फावडंही मागितलं. त्यांनी दिलं नाही. लोक शहाणे आहेत. दोन हजार डॉलरांत पोराला एवढं शिक्षण मिळत असेल तर महाग नाही. आमच्या इंजिनियरिंग कॉलेजने त्याहून जास्त फी घेऊन कमी शिकवलं.

म्हणून या वर्षीही पत्र आलं तेव्हा मी चेक लिहिला. अमेरिकन चेकवर डाव्या कोपऱ्यात, पैसे कशासाठी ते लिहायला एक रेघ असते. प्रामाणिकपणाची हुक्की आली म्हणून तिथे लिहिलं : शैक्षणिक सहल. दोन दिवसांनी चर्चचे खजिनदार स्वतः दारात उभे. अत्यंत नम्रपणे म्हणाले, भावना पोचली, पण सहल लिहिलंत तर तुम्हाला करात सूट मिळणार नाही. मुलाचं नावही कुठे लिहू नका, फक्त 'मिशन' लिहा. हिने आतून पेन आणून दिलं. मी नवा चेक फाडला आणि सेवा केली.